पोस्टग्रेसच्या रोलचा पासवर्ड आधीच हॅश करून द्यायचाय, छोटी लायब्ररी पुरेल का?

मायग्रेशनवाला

मंडळी नमस्कार. आमच्याकडे पोस्टग्रेस १६ हा डेटाबेस आहे, सोबत एक मायएसक्यूएल ८.० पण चालू आहे, आणि नवीन सर्व्हिस आली की तिच्यासाठी डेटाबेसमध्ये रोल (लॉगिन करायचं खातं) बनवायचं काम माझ्याकडे असतं. आत्तापर्यंत सगळे क्रिएट रोल लिहून पुढे पासवर्ड सरळ साधा टाइप करायचे. आता सर्व्हरचा लॉग बघताना लक्षात आलं की लॉग-स्टेटमेंट ही सेटिंग डीडीएलवर (म्हणजे टेबल, रोल वगैरे बनवायच्या कमांड नोंदवायच्या) असल्यामुळे ती आख्खी ओळ पासवर्डसकट लॉगमध्ये पडतेय, आणि तो लॉग पुढे जिथे गोळा होतो तिथे बघायची परवानगी बऱ्याच जणांना आहे. हे मला अजिबात पटलेलं नाही.

म्हणून पायथनमधली एक अगदी छोटी लायब्ररी घेतलीय, जेमतेम एका फाइलची. युजरनेम आणि पासवर्ड दिला की ती एमडी५ किंवा स्क्रॅम फॉरमॅटमधली हॅश केलेली, म्हणजे जिच्यावरून मूळ पासवर्ड सरळ वाचता येत नाही अशी, स्ट्रिंग देते आणि ती आपण पासवर्डच्या जागी टाकायची. आता शंका अशा की एमडी५ दर वेळी तीच स्ट्रिंग देतं पण स्क्रॅम त्याच पासवर्डला दर वेळी वेगळी देतं, मग सर्व्हर ती जुळवतो कशी? सर्व्हर आपल्या हॅशला परत एकदा हॅश नाही ना करत? आणि सगळ्यात डोकं खाणारी गोष्ट म्हणजे स्क्रिप्टमधून बनवलेले एमडी५वाले रोल मस्त लॉगिन होतात, स्क्रॅमवाले रोल बनतात, एरर काही येत नाही, पण लॉगिन करायला गेलं की पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड. तीच स्ट्रिंग हाताने पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसच्या कमांड लाइनवर) पेस्ट केली तर चालते!! लायब्ररीवर भरवसा ठेवावा की सगळं स्वतः लिहावं?

व्हॅक्यूम_फुल

प्रश्न चांगला विचारलाय, जरा सविस्तर लिहितो.

आधी फॉरमॅट बघू, कारण सगळं त्यावरच आहे. पोस्टग्रेसचं एमडी५ म्हणजे पासवर्ड आणि त्याला चिकटून युजरनेम, या जोड स्ट्रिंगचा एमडी५ काढायचा आणि पुढे एमडी५ ही तीन अक्षरं लावायची, एकूण ३५ अक्षरं. रँडम काहीच नाही म्हणून दर वेळी तेच उत्तर. युजरनेमच सॉल्टचं (हॅशमध्ये मिसळायच्या जादा मजकुराचं) काम करतं, त्यामुळे रोलचं नाव बदललं की पोस्टग्रेस तो पासवर्डच उडवून टाकतो.

स्क्रॅमची स्ट्रिंग अशी असते: स्क्रॅम-एसएचए-२५६, मग डॉलर, मग इटरेशनचा (हिशेब किती वेळा फिरवायचा तो) आकडा, कोलन, सॉल्ट, परत डॉलर, मग स्टोअर्ड-की, कोलन, सर्व्हर-की. सॉल्ट आणि दोन्ही की बेस६४ मध्ये, म्हणजे बाइट साध्या अक्षरांत लिहून. डिफॉल्ट इटरेशन ४०९६, सॉल्ट १६ बाइटचं. बनवताना पासवर्ड आणि सॉल्ट घेऊन पीबीकेडीएफ२ (पासवर्डवरून की काढायची पद्धत) चालवायचं, एचमॅक (की मिसळून काढलेला हॅश) एसएचए-२५६ वापरून. त्यातून ३२ बाइट निघतात, ते म्हणजे सॉल्टेड पासवर्ड. त्याला की धरून 'क्लायंट की' या शब्दांचा एचमॅक काढला की क्लायंट-की, आणि तिचा एकदा एसएचए-२५६ केला की स्टोअर्ड-की. 'सर्व्हर की' या शब्दांचा एचमॅक म्हणजे सर्व्हर-की. बस एवढंच. सॉल्ट दर वेळी नवीन म्हणून स्ट्रिंग दर वेळी नवीन. सर्व्हर जुळवताना त्या स्ट्रिंगमधलंच सॉल्ट आणि इटरेशन लॉगिनच्या वेळी क्लायंटला पाठवतो, क्लायंट आपल्याकडच्या पासवर्डवरून हिशेब करून पुरावा परत पाठवतो, पासवर्ड तारेवरून जातच नाही.

परत हॅश करतो का, तर नाही करत, पण एक अट आहे. पासवर्डच्या जागी आलेली स्ट्रिंग एमडी५च्या किंवा स्क्रॅमच्या साच्यात तंतोतंत बसली तरच तो ती आहे तशी ठेवतो. साचा जरा जरी बिघडला तरी तो तिला साधा पासवर्ड समजतो आणि मुकाट्याने हॅश करून ठेवून देतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. तुमच्या स्क्रॅमवाल्या रोलचं नेमकं हेच झालंय असा माझा दाट संशय आहे. बघायचं सोपं आहे, सुपरयुजरने पीजी-ऑथ-आयडी टेबलमधला रोल-पासवर्ड कॉलम वाचा आणि लायब्ररीने दिलेल्या स्ट्रिंगशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. वेगळी दिसली की समजायचं, वाटेत काहीतरी खाल्लं गेलं.

आणि एक कळकळीने सांगतो, एमडी५ चालतंय म्हणून त्यावर राहू नका. एमडी५च्या पद्धतीत क्लायंटला लॉगिन करायला तो साठवलेला हॅशच पुरतो, मूळ पासवर्ड माहीत असायची गरजच नाही. म्हणजे तुमच्या लॉगमध्ये एमडी५ हॅश पडला तर तो पासवर्ड पडल्यासारखाच आहे, ज्या कारणासाठी हा सगळा खटाटोप करताय तेच निकालात निघालं. स्क्रॅममध्ये स्टोअर्ड-की हाती लागली तरी तेवढ्यावर आत येता येत नाही. पोस्टग्रेस १० पासून म्हणजे २०१७ पासून स्क्रॅम आहे, १४ पासून तेच डिफॉल्ट आहे, आणि १८ मध्ये तर एमडी५ पासवर्ड ठेवला की डेप्रिकेशनची वॉर्निंग येते. फक्त जुने ड्रायव्हर तपासून घ्या, लिबपीक्यू (पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी) १० च्या आधीची असेल किंवा जेडीबीसी (जावाचा ड्रायव्हर) ४२.२.० च्या आधीचं असेल तर स्क्रॅम जमत नाही, मग 'ऑथेंटिकेशन टाइप १० सपोर्टेड नाही' अशा अर्थाचं काहीतरी ओरडतात.

लॉगिनपेज

मला एक कळत नाही, २०१५ ला पासवर्ड हॅशिंगची स्पर्धा आर्गॉन२ ने जिंकली, सगळे सांगतात बीक्रिप्ट नाहीतर आर्गॉन२ वापरा, मग इथे पीबीकेडीएफ२ आणि ते पण ४०९६ इटरेशन? इतकं कमी कसं चालतं? मी तर म्हणेन आर्गॉन२ ने हॅश करा आणि टाका.

व्हॅक्यूम_फुल

दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. तुमच्या ॲपमध्ये जे लोक साइन अप करतात त्यांचे पासवर्ड तुमच्या टेबलात ठेवायचे असतील तर तिथे आर्गॉन२ किंवा बीक्रिप्टच, त्यात वादच नाही, तिथे तपासणारा कोड तुमचा असतो. इथे विषय डेटाबेसमध्ये लॉगिन करायच्या रोलचा आहे, तपासणारा डेटाबेस आहे, आणि त्याला त्याचाच फॉरमॅट कळतो. आर्गॉन२ ची स्ट्रिंग दिली तर वर म्हटलं तसं तो तिला साधा पासवर्ड समजणार.

४०९६ चं म्हणाल तर ते स्क्रॅमच्या आरएफसी ७६७७ या मानकाच्या दस्तऐवजात, २०१५ च्या, किमान म्हणून दिलंय. दर नवीन कनेक्शनला हा हिशेब क्लायंटला करावा लागतो, म्हणून फार मोठा आकडा ठेवला की कनेक्शन पूल नसलेल्या ठिकाणी लगेच जाणवतं. पोस्टग्रेस १६ पासून स्क्रॅम-इटरेशन्स ही सेटिंग आलीय, आणि आपण बाहेर हॅश बनवत असू तर आकडा तसाही आपल्या हातात आहे, तो स्ट्रिंगमध्येच लिहिलेला असतो. पण खरं सांगू का, सर्व्हिसचा पासवर्ड माणसाला लक्षात ठेवायचाच नसतो. पायथनच्या सीक्रेट्स मॉड्यूलमधून ३२ बाइट रँडम घ्या आणि त्याचा पासवर्ड करा, मग हॅश बाहेर पडला तरी अंदाज लावून कोणी तिथवर पोचत नाही. पासवर्ड 'ॲडमिन१२३' असेल तर इटरेशन कितीही वाढवा, फरक पडत नाही.

मायग्रेशनवाला

खूप आभार, बराच उजेड पडला. पीजी-ऑथ-आयडी बघितलं, आणि खरंच तिथली स्ट्रिंग वेगळी आहे!! साचा बरोबर स्क्रॅमचाच आहे पण सॉल्ट वेगळं, म्हणजे सर्व्हरने स्वतः बनवलेलं. म्हणजे माझी स्ट्रिंग त्याने साधा पासवर्ड म्हणूनच घेतली. आता खाल्लं काय गेलं ते शोधतोय. स्क्रिप्ट बॅशची आहे, लायब्ररीचं आउटपुट बघून ती स्ट्रिंग स्क्रिप्टच्या फाइलमध्येच लिहिलेली आहे आणि तीच दुहेरी अवतरणात घालून पीएसक्यूएलच्या वजा-सी ऑप्शनला देतो. हाताने पेस्ट करताना शेल मध्ये नसतं हे आत्ता लिहिताना जाणवलं…

शेलमध्ये_राहतो

सापडलं. डॉलर!

दुहेरी अवतरणात बॅश डॉलरच्या पुढचं व्हेरिएबल समजतो. तुमच्या स्ट्रिंगमध्ये पहिल्या डॉलरपुढे ४०९६ आहे. बॅशसाठी डॉलर-४ म्हणजे स्क्रिप्टला दिलेला चौथा आर्ग्युमेंट, तो दिलेला नसणार म्हणून रिकामा, उरलं ०९६. म्हणजे स्ट्रिंगची सुरुवात स्क्रॅम-एसएचए-२५६ डॉलर ४०९६ च्या ऐवजी स्क्रॅम-एसएचए-२५६०९६ अशी झाली. दुसऱ्या डॉलरपुढे स्टोअर्ड-की चं बेस६४ आहे, त्यातली अक्षरं आणि आकडे अधिक किंवा तिरकी रेघ येईपर्यंत व्हेरिएबलचं नाव म्हणून गेले, तेही रिकामं. जे उरलं ते पोस्टग्रेसला गेलं, साच्यात बसत नाही, मग पासवर्ड म्हणून हॅश. एमडी५ च्या स्ट्रिंगमध्ये डॉलर नसतो म्हणून ते रोल चालत होते, लायब्ररीचा यात काही दोष नाही.

उपाय म्हणजे शेलमध्ये ती स्ट्रिंग लिहूच नका. लायब्ररी पायथनची आहे ना, मग पायथनमधूनच डेटाबेसला जोडा आणि तिथूनच क्रिएट रोल चालवा. फक्त क्रिएट रोलला पॅरामीटर चालत नाहीत, सर्व्हर-साइड बाइंडिंग तिथे नाही, म्हणून सायकोपीजीच्या (पायथनमधून पोस्टग्रेसला जोडणारी लायब्ररी) एसक्यूएल मॉड्यूलमधलं आयडेंटिफायर आणि लिटरल वापरून स्टेटमेंट जुळवायचं, हाताने अवतरणं जोडायची नाहीत. बॅशच हवं असेल तर एकेरी अवतरण, किंवा स्ट्रिंग व्हेरिएबलमध्ये आली असेल तर ते व्हेरिएबल दुहेरी अवतरणात दिलं तरी चालतं, कारण बॅश एकदा उलगडलेलं परत उलगडत नाही. पीएसक्यूएलचं स्वतःचं व्हेरिएबल, कोलन आणि एकेरी अवतरणवालं, तेही छान आहे, पण ते वजा-सी मध्ये उलगडत नाही, फाइलमधून किंवा स्टँडर्ड इनपुटवरून द्यावं लागतं, यात बरेच जण अडकतात. आणि हियरडॉक (स्क्रिप्टमध्येच लिहिलेला अनेक ओळींचा मजकूर) वापरत असाल तर सुरुवातीचा शब्द अवतरणात ठेवा, नाहीतर तिथेही हाच डॉलरचा घोळ. डॉकर कंपोजच्या फाइलमध्ये डॉलर दोनदा लिहावा लागतो.

स्क्रिप्टच्या वर सेट वजा-यू टाकून ठेवा. न ठरवलेलं व्हेरिएबल आलं की स्क्रिप्ट तिथल्या तिथे थांबते. हा प्रकार पहिल्याच दिवशी पकडला गेला असता.

अजून दोन गोष्टी. पासवर्ड लायब्ररीला कमांड लाइनवर आर्ग्युमेंट म्हणून देऊ नका, तो प्रोसेसच्या यादीत पण दिसतो आणि शेलच्या हिस्टरीत पण राहतो. पायथनचं गेटपास (पासवर्ड न दाखवता विचारून घेणारं) वापरा किंवा स्टँडर्ड इनपुट. आणि स्टँडर्ड इनपुट वापरलं तर एको ने पासवर्ड पाठवू नका, एको शेवटी नवीन ओळ लावतो आणि लायब्ररीने ती काढली नाही तर ती पासवर्डचाच भाग होते. प्रिंटएफ वापरा. ही चूक पकडायला फार त्रास होतो कारण हॅश एकदम बरोबर साच्यातला दिसतो, फक्त वेगळ्याच पासवर्डचा असतो.

व्हॅक्यूम_फुल

एकदम बरोबर. त्यात एवढंच घालतो की एखाद-दुसरा रोल हातानेच बनवायचा असेल तर लायब्ररीचीसुद्धा गरज नाही, पीएसक्यूएलमधली बॅकस्लॅश-पासवर्ड कमांड हॅश आपल्याच मशीनवर बनवते आणि सर्व्हरला हॅशच पाठवते. क्रिएटयुजरला वजा-मोठा-पी दिला तरी तसंच. आणि पायथनमधून हवं असेल तर सायकोपीजी ३ मध्ये कनेक्शनच्या आतल्या पीजीकॉन वर एन्क्रिप्ट-पासवर्ड नावाची मेथड आहे, सायकोपीजी२ मध्ये पण २.८ पासून आहे, दोन्ही शेवटी लिबपीक्यूलाच विचारतात. जिथे लिबपीक्यू ठेवायचीच नाही, म्हणजे बिल्ड सर्व्हर वगैरे, तिथे छोटी लायब्ररी शोभते.

स्वतः लिहायचं की नाही याचं उत्तर माझ्या मते असं, की सगळे सुटे भाग पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत आहेत, हॅशलिब, एचमॅक, बेस६४, सीक्रेट्स, त्यामुळे एका फाइलची लायब्ररी असेल तर ती बसून आख्खी वाचा. सॉल्ट कुठून येतंय ते बघा, सीक्रेट्समधून किंवा ओएसच्या युरँडममधून यायला हवं, साध्या रँडम मॉड्यूलमधून येत असेल तर ती लायब्ररी बाजूला ठेवा. आणि आरएफसी ७६७७ मध्ये एक पूर्ण उदाहरण दिलंय, पासवर्ड 'पेन्सिल', इटरेशन ४०९६, सॉल्टसकट, त्यातला क्लायंटचा पुरावा आणि सर्व्हरची सही आपल्या कोडमधून तशीच निघते का याची एक टेस्ट लिहून ठेवा.

इनोडीबी_ताई

मायएसक्यूएलचं कोणी बोललंच नाही म्हणून मी लिहिते, कारण तिथे वेगळे खड्डे आहेत.

जुनं मायएसक्यूएल-नेटिव्ह-पासवर्ड (पासवर्ड तपासायचं प्लगइन) म्हणजे पासवर्डचा एसएचए१, त्या बाइट्सचा परत एसएचए१, कॅपिटल हेक्समध्ये लिहून पुढे एक तारा, ४१ अक्षरं. इथे 'परत' म्हणजे बाइट्सचा, हेक्स स्ट्रिंगचा नव्हे. सॉल्ट नाहीच, युजरनेमसुद्धा नाही, म्हणून 'पासवर्ड' हा इंग्रजी शब्द लहान अक्षरांत पासवर्ड म्हणून ठेवलेल्या जगातल्या प्रत्येक सर्व्हरवर हॅश तोच, तारा २४७०सी०सी० ने सुरू होणारा. तुमच्या लायब्ररीची ती टेस्ट म्हणून वापरा, पण नवीन काही त्यावर उभं करू नका. पासवर्ड हे फंक्शनच ८.० मध्ये काढलंय, ८.४ मध्ये हे प्लगइन डिफॉल्ट बंद असतं आणि ९.० मध्ये ते गेलंच.

आता डिफॉल्ट आहे कॅशिंग-एसएचए२-पासवर्ड. त्याची स्ट्रिंग डॉलर ए डॉलर ००५ डॉलर अशी सुरू होते, ००५ म्हणजे पाच हजार राउंड, मग २० बाइटचं सॉल्ट आणि त्याला चिकटूनच ४३ अक्षरांचं डायजेस्ट, एकूण ७०. आतला हिशेब एसएचए२५६-क्रिप्टचाच आहे. पण नेहमीच्या एसएचए२५६-क्रिप्टमध्ये सॉल्ट १६ अक्षरांपर्यंतच चालतं, मायएसक्यूएलचं २० चं आहे. म्हणून पासलिबसारखी सर्वसाधारण लायब्ररी घेऊन पुढे डॉलर ए लावला की झालं असं होत नाही, सॉल्ट घेतच नाही किंवा कापलं जातं. ज्या लायब्ररीत मायएसक्यूएलसाठी वेगळं फंक्शन लिहिलंय तीच घ्यायची.

दुसरं, सर्व्हर स्वतः सॉल्ट बनवतो तेव्हा त्यात न दिसणारी कंट्रोल कॅरेक्टर्स येऊ शकतात. शो क्रिएट युजरचं आउटपुट टर्मिनलवरून कॉपी करून दुसऱ्या सर्व्हरवर टाकलं की लॉगिन होत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच. ८.०.१७ पासून प्रिंट-आयडेंटिफाइड-विथ-ॲज-हेक्स ही सेटिंग आहे, ती चालू करून हेक्स घ्यायचं आणि क्रिएट युजरमध्ये शून्य-एक्स लावून तसंच हेक्स द्यायचं. आपण हॅश बनवताना मात्र सॉल्टमध्ये फक्त अक्षरं आणि आकडे वापरावेत, हा त्रासच राहत नाही.

एक चांगली गोष्ट म्हणजे क्रिएट युजरमधला पासवर्ड मायएसक्यूएल स्वतःच्या लॉगमध्ये झाकून लिहितो, पोस्टग्रेससारखा उघडा पडत नाही. पण स्क्रॅमसारखं इथे नाही हेही लक्षात ठेवा, कॅशमध्ये तो युजर नसेल तेव्हा लॉगिनच्या वेळी मूळ पासवर्ड सर्व्हरपर्यंत जातो, टीएलएसमधून (एन्क्रिप्ट केलेल्या कनेक्शनमधून) किंवा आरएसए की ने झाकून. म्हणून टीएलएस चालू असू द्या.

मायग्रेशनवाला

ताई, हे २० आणि १६ चं तर मला कुठे सापडलंच नसतं, धन्यवाद. आणि डॉलरचं शंभर टक्के तेच होतं, पायथनमधूनच रोल बनवला, पीजी-ऑथ-आयडीमध्ये माझीच स्ट्रिंग दिसली, लॉगिन झालं. आता एकच, आमच्या पोस्टग्रेसपुढे पीजीबाउन्सर (कनेक्शन वाटून देणारा मधला प्रोग्रॅम) आहे, त्याच्या युजरलिस्ट फाइलमध्ये पण लायब्ररीने बनवलेला हॅश टाकला की झालं ना? आणि डिप्लॉय स्क्रिप्ट दर वेळी चालते तर दर वेळी नवीन हॅश बनला तर चालेल का?

पूलसाईझ_१००

टाका, पण *तोच* हॅश टाका. दोन्हीकडे एकच स्ट्रिंग, एका पासवर्डचे दोन वेगळे हॅश नव्हे. पीजीबाउन्सरकडे मूळ पासवर्ड नसतो, क्लायंट स्क्रॅमने लॉगिन झाला की त्या देवाणघेवाणीतून त्याला क्लायंट-की मिळते आणि तीच वापरून तो मागे पोस्टग्रेसला लॉगिन करतो. सॉल्ट किंवा इटरेशन वेगळं असलं तर की वेगळी, आणि मग पीजीबाउन्सरपर्यंत सगळं हिरवं दिसतं पण पुढे सर्व्हर हाकलून देतो. म्हणून एकदा बनवा आणि दोन्हीकडे तीच द्या, नाहीतर ऑथ-क्वेरी लावा म्हणजे तो पोस्टग्रेसमधूनच वाचेल.

दर डिप्लॉयला नवीन हॅश याच कारणाने नको. स्क्रिप्टमध्ये असं करा की आधी सर्व्हरवरची स्ट्रिंग वाचायची, तिच्यातलं सॉल्ट आणि इटरेशन घेऊन आपल्या पासवर्डची स्टोअर्ड-की काढायची आणि ती जुळली तर काही करायचं नाही. जुळली नाही तरच अल्टर रोल. तुमच्या लायब्ररीत व्हेरिफाय असं फंक्शन नसेल तर घालून घ्या, चारपाच ओळींचं काम आहे, तुलना एचमॅक मॉड्यूलमधल्या कंपेअर-डायजेस्टने करा.

इनोडीबी_ताई

आणि पासवर्ड कोणी देवनागरीत ठेवत असेल तर अजून एक. स्क्रॅममध्ये हॅश करण्याआधी पासवर्डवर सॅसलप्रेप (सारखा दिसणारा मजकूर एकसारखा करायचे नियम) चालवायचं असतं, बऱ्याच छोट्या लायब्ररी हे सोडून देतात कारण इंग्रजी अक्षरांना त्याने काही फरक पडत नाही. आपल्याला पडतो. 'ऱ' हे अक्षर एका कोडपॉइंटनेही (युनिकोडमधल्या क्रमांकानेही) येतं आणि र अधिक नुक्ता असं दोन कोडपॉइंटनेही येतं, दिसायला सारखंच. सॅसलप्रेप दोन्ही एकच करून टाकतं, लायब्ररीने ते केलं नाही तर एका कीबोर्डवरून बनवलेला हॅश पीएसक्यूएलमधून तोच पासवर्ड टाकला तरी जुळणार नाही. आणि उलटा प्रकारही आहे, 'ऱ्य' लिहायला काही कीबोर्ड र, हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडक म्हणजे झेडडब्ल्यूजे टाकतात, सॅसलप्रेप तो जोडक काढून टाकतं, मग तो 'र्य' होतो आणि 'ऱ' वापरून लिहिलेल्या 'ऱ्य' शी कधीच जुळत नाही. पायथनमध्ये स्ट्रिंगप्रेप मॉड्यूल आहे, त्यातली टेबलं आणि एनएफकेसी नॉर्मलायझेशन वापरून हे लिहिता येतं. माणसांच्या लॉगिनसाठी रोल बनवत असाल तर लायब्ररीच्या टेस्टमध्ये 'ऱ' असलेला एक पासवर्ड नक्की ठेवा, दोन्ही पद्धतीने टाइप करून.